नावातच विष

४ फेब्रुवारी

नुसता संताप! कांदेपोह्यांची मंडळी आत्ता गेली. मुलगा ऋषभ. पोहे खाल्ले, पण राजवाड्याजवळच्या दुकानातून मुद्दाम आणवलेल्या कचोरीला बोट लावलं नाही. माझ्या हातच्या शंकरपाळ्यांनाही नाही. भाव खातो मेला.

त्याच्या आईनं विचारलं, काय करतेस? माझी नात मिताली म्हणाली, "लॅबमध्ये व्हायरसना कामाला लावते." बाई दचकल्या. "म्हणजे विषाणू? अहो, नावातच विष आहे. उद्या घरात आणशील." आणि आमचा अच्युत, तिचा सख्खा बाप, हसून म्हणतो, "लग्नानंतर सोडेल हो ती."

विचारलंस तिला?

५ फेब्रुवारी

अच्युतशी बोलत नाही. जेवायला वाढलं तेवढंच.

६ फेब्रुवारी

मितालीला म्हटलं, मला नीट समजाव. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं वाचून मिळवलंय मी.

तिचे विषाणू माणसाला शिवत नाहीत, बॅक्टेरियात वाढतात. प्रत्येकाच्या पोटात एक एन्झाइम बनवायची कृती. तिची नक्कल होताना चुका होतात, कृती बदलत जाते. ज्याचं एन्झाइम गव्हातलं चिवट प्रथिन तोडेल, त्यालाच पोरंबाळं होतात. भांड्यात ताजे बॅक्टेरिया येत राहतात, जुनं पाणी जात राहतं — नालायक त्याबरोबर जातो. वर्षांचं काम दिवसांत!

"ज्यांना गहू पचत नाही ना आजी, आतडी खराब होतात, त्यांच्यासाठी. औषध अभी बहुत दूर है."

"म्हणजे चांगल्या दह्याचंच विरजण ठेवायचं, तसं?"

"तसंच. फक्त निवडायला तू नाहीस. न जमलेलं आपोआप वाहून जातं."

आमच्या घरी वाहून जायचं ते पोरींनीच.

९ फेब्रुवारी

होकार आला, ऋषभच्या आईनं अट घालून. "वो वायरस वाला काम बंद." अच्युत पेढे घेऊन आला. मी डबा उघडला नाही. म्हणतो, "आई, चांगलं स्थळ हातचं घालवू नकोस." स्थळ तुझं, हात तिचे का बांधतोस?

मिताली सोमवारी राजीनामा देते म्हणाली. माझ्याकडे न बघता.

११ फेब्रुवारी

ऋषभ आला, एकटाच. मिताली लॅबमध्ये. दारातच सुनावणार होते.

"आजी, ते शंकरपाळे खाल्ले असते तर आठवडाभर उठलो नसतो. गहू चालतच नाही मला, बचपन से. आई सांगू देत नाही, रिश्ता तुटेल म्हणते. मितालीजींना सांगा, काम सोडू नका. लग्न नाही झालं तरी."

मी आत गेले. साबुदाणा भिजलेला होता, खिचडी टाकली.