पहिले पान शेवटी छापतात

उमरावती, ता. १३ मार्च १९२७, रविवार

चि. रूबेन यास,

मिलकाताईचे शालोम आणि आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. बाबांची प्रकृती वयाच्या मानाने बरी आहे. डोळ्यांचे मागे कळवलेच होते. काचबिंदूमुळे आता उजेड-अंधार तेवढा समजतो. तुझे नवीन वर्षाचे दोन ओळींचे कार्ड पोचले. दोन ओळींत माणूस किती खुशाल असू शकतो, ते तुझ्याकडून शिकावे.

शेजारच्या नत्थुजींच्या मळ्यात यंदा वांगी उदंड झाली. त्यांची मैनाबाई रोज ओटी भरून आणून टाकते. बाबा रोज कुरकुरतात आणि रोज खातात.

बाबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

दिवाळीच्या सुमारास अकोल्याचे छापखानावाले किसनराव घरी आले होते. बाबांना म्हणाले, "मास्तर, जुन्या काळच्या यहुद्यांचं घरदार, शेती, लग्नकार्य, समदं सांगणारं असं पुस्तक मराठीत दुसरं नाई. पण आता ते जुनं झालं. जमिनीतून इतकं काही निघून राह्यलं, ते त्यात याले पाहिजे."

बाबा म्हणाले, "जुनं झालं हे ज्यानं वर्तमानपत्रात छापून सांगितलं, त्यानंच ते नवं करावं. दुसऱ्या कुणाचा हात मी लागू देणार नाही."

किसनराव गेले आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला ते बघवेना. मी म्हणाले, "बाबा, रूबेननं दुरुस्त्या पाठवल्या आहेत."

रूबेन, तू काहीच पाठवले नव्हतेस. पुस्तक जुने झाले असे सांगणारा तुझा तो लेख छापून आला, बाबांनी तुला उंबरा चढू नकोस म्हटले, आणि तेव्हापासून तू पुस्तकाचे नाव काढलेले नाहीस. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांनी न्हाव्याला बोलावून दाढी नीट करून घेतली, कोट चढवला आणि खुर्चीत बसून म्हणाले, "वाच. साहेब काय म्हणतात?"

मग सारा हिवाळा मी तुझ्या नावाने लिहिले. लहानपणी बाबा तुला इब्री भाषा शिकवत तेव्हा मी शेजारी तांदूळ निवडत बसायची, ते सगळे कानावरून गेलेले होते. तू मागे टाकलेली इंग्रजी पुस्तके होती, आणखी काही मी मुंबईहून मागवली. मिसरात नाईल नदीतल्या त्या बेटावर पुरातन काळी आपल्या लोकांची वस्ती होती, तिचे कागद सापडले ना, ते मी ओळ न् ओळ वाचले. बाबांनी लिहिले होते की विवाहात स्त्रीचा शब्द चालत नसे. त्या कागदांत बाई चारचौघांत उभी राहून नवऱ्याला सोडते असे सांगते आणि आपले किडूकमिडूक घेऊन निघते. बाबा कडाडले, "त्याला विचार, पुरावा कुठला?" मुंबईहून तुझे टपाल यायला लागतो तितका वेळ मी थांबायची, आणि मग तुझे उत्तर वाचून दाखवायची. बाबा मान हलवत. एकदा म्हणाले, "पोरगा तयार झाला." विधवा होऊन या घरात परत आल्यापासून मला इतके सुख कशात लागले नव्हते.

मैनाबाईला तेवढे मी हे सांगितले होते. ती म्हणाली, "बाई, लिहून तुमी राह्यल्या, तं नाव भावाचं काहून?" मी जात्यात आणखी एक मूठ टाकली. आम्ही दोघी जात्यावर बसलो होतो, गहू संपायचे होते.

त्याच आठवड्यात दळणाचे प्रकरण आले. बाबांचे जुने वाक्य असे: 'स्त्रिया दुपारच्या निवांत वेळी गाणी गात दळण दळीत.' मी ते खोडले. लिहिले: 'दळण पहाटेचे असे. घरापुरते पीठ निघेपर्यंत दळणारीचे खांदे भरून येत, आणि लगेच कणीक मळायला बसावे लागे.' मी ते वाचून दाखवले.

बाबा म्हणाले, "रूबेननं जातं कधी ओढलं ग?"

त्यांनी हात पुढे केला, चाचपडत माझा तळवा धरला आणि त्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "पुढचं वाच," म्हणाले.

मला वाटले, आता ते माझे नाव घेतील. गेल्या आठवड्यात त्यांनी प्रस्तावना सांगायला घेतली. 'ही आवृत्ती माझे चिरंजीव रूबेन यांनी सिद्ध केली आहे.' माझा हात थांबला. मी म्हणाले, "बाबा, तुम्हांला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. त्यात त्याची एक ओळ नाही. तू माझ्यापेक्षा चांगलं केलंस. पण मिलका, त्याचं नाव छापलेलं पाहिलं तर तो एकदा तरी येईल. मीच येऊ नको म्हटलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलावू?"

मी ते वाक्य लिहून घेतले आणि चुलीपाशी जाऊन रडले. मला तुझा राग आला, बाबांचाही आला. तो अजून गेलेला नाही.

किसनरावांचा निरोप आहे की सगळे फर्मे, म्हणजे आतली सारी पाने, छापून झाले, फक्त नावाचे पान आणि प्रस्तावना राहिली. छापखान्यात पहिले पान सगळ्यांत शेवटी छापतात, हे मलाही आत्ताच कळले. पुढच्या महिन्यातला वल्हांडणाचा सण आटोपला की तो मजकूर अकोल्याला धाडायचा आहे.

तेव्हा सणाला ये. बडनेऱ्याला उतरलास की नत्थुजी बैलगाडी घेऊन येतील. बाबांच्या हाती तुझा हात लागला, तर त्यांना तुझे नाव छापायची गरज उरणार नाही, आणि मी त्यांच्याकडे माझे नाव मागेन. ते देतील, असे मला वाटते.

तू आला नाहीस, तर मी तुझेच नाव पाठवीन. त्यांची ती आशा माझ्या हातून मोडायची नाही. मग पुस्तक तुला घरपोच येईल. दळणाचे पान तेवढे वाच.

अजून तुझ्याच नावाने लिहिणारी,
तुझी बहीण
मिलका