वाया दिवसाचं वेळापत्रक

२० एप्रिल, सकाळ

आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. शक्यतो मीही नाही.

शाळेला सुट्टी लागली. दरवर्षी सुट्टी लागली रे लागली की थोरली (वय अकरा) आणि धाकटा (वय सात) मामाकडे पळतात, ते शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उगवतात. मामा म्हणजे हिचा भाऊ. त्याचं रंगाचं दुकान आहे. दुपारी शटर अर्धं ओढून मागे घोरत पडतो. तिथे मुलं काय शिकत असतील? शटर ओढायला.

यंदा ते बंद. यंदा मुलं घरी राहणार, मी त्यांना सहलींना नेणार. मजेत मजा आणि ज्ञानही. हिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग सौदा ठरला. १५ मेपर्यंत मुलं माझ्या ताब्यात. त्या दिवशी त्यांनाच विचारायचं, इथे राहता की मामाकडे जाता. ती म्हणतील ते फायनल. ही म्हणाली, बघ हं, मागाहून तोंड पाडून बसायचं नाही.

मी हसलो. बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात मी सीनियर आहे. अख्ख्या शहराने कधी कुठे पोचायचं ते मी ठरवतो. ही तर घरची दोन पोरं.

संध्याकाळ

हिला एक सांगितलं नाही. गेल्या वर्षी मुलं गेल्यावर घर खायला उठायचं. मी ऑफिसात उगाच बसून राहायचो, शिपाई दिवे घालवायला आला की उठायचो. पण ते कारण नाही. कारण शिक्षण.

२३ एप्रिल

रजा टाकली. रजा असते कशासाठी? सहल पहिली: संग्रहालय.

बस चुकली. वेळापत्रक बरोबर होतं, बस चुकीची होती. धाकट्याने विचारलं, हे वेळापत्रक कोणी केलं? थोरलीने त्याला कोपराने ढोसलं. विषय बदलला.

संग्रहालयात मी हाडांच्या सांगाड्यापुढे उभा राहून सविस्तर माहिती दिली. मागे वळलो तर माझं भाषण एक परकं आजोबा-आजींचं जोडपं ऐकत होतं. मुलं स्वच्छतागृहात सापडली. तिथे हात वाळवायचं मशीन आहे. हात खाली धरला की गरम हवा येते. धाकट्याने हात वाळवले, मग केस, मग मोजे. मोजे ओले कसे झाले, हे विचारायचं राहून गेलं.

परतीच्या बसमध्ये उजळणी घेतली. सर्वांत जास्त काय आवडलं? दोघंही म्हणाली, मशीन. म्हणजे यंत्रशास्त्राकडे कल दिसतो. सुरुवात उत्तम.

२७ एप्रिल

रजा. पाणी शुद्धीकरण केंद्र. ओळखीने परवानगी काढली होती.

तिथले साहेब फार मन लावून सांगत होते. पाणी येतं कुठून, गाळ बसतो कसा, आधी त्यात काय काय असतं. काय काय असतं ते जरा जास्तच मन लावून सांगितलं. शिवाय चारी बाजूंनी पाण्याचा खळखळाट. धाकट्याला पाच पाच मिनिटांनी 'जायचं' होतं. दर वेळी मी त्याला घेऊन पळायचो, परत यायचो तोवर साहेब पुढच्या टाकीवर. मला अजून माहीत नाही की पाणी शेवटी शुद्ध होतं की नाही.

२८ एप्रिल

धाकटा पाणी प्यायला तयार नाही. म्हणतो, त्यात काय असतं ते मला माहितीये. ही मला म्हणाली, शिकवलंस ना? आता पाज.

ज्ञानाचा परिणाम झाला, हे तरी मान्य करा! पण नाही. घरात कदर नाही.

(सरबत म्हणून दिलं, प्यायला.)

३ मे

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आज नदीकाठी दगड गोळा करणे. दगडांवरून पृथ्वीचा इतिहास समजतो, असं मी कुठेतरी वाचलं होतं. काय समजतो, ते वाचायचं राहिलं होतं. थोरलीने एक काळा दगड दाखवून विचारलं, हा किती जुना? मी म्हणालो, खूप. तिने दुसरा दाखवला. मी म्हणालो, हाही. तिसरा तिने दाखवलाच नाही.

येताना पिशवीचा बंद तुटला. पृथ्वीचा सगळा इतिहास माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

मुलं हसली नाहीत. म्हणजे आधी हसली, पण रक्त दिसल्यावर नाही. थोरलीने माझा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि स्टॉपपर्यंत तशीच चालली. धाकटा पुढे पळत लोकांना सांगत होता, बाजूला व्हा, पेशंट आहे. बरं वाटलं. पायाला नव्हे.

४ मे

ही दवाखान्यात रिसेप्शनला असते, काल संध्याकाळी तिथेच नेलं. हाड मोडलेलं नाही, पण पट्टी मोठी. डॉक्टर म्हणाले, चार दिवस पाय वर. आजची तारांगणाची सहल रद्द.

त्यात वीज गेली. टीव्ही नाही, पंखा नाही. मुलांनी कुठून तरी पत्ते उकरून काढले आणि गॅलरीच्या दारात फरशीवर बदाम सात मांडला. ज्याच्याकडे बदामाची सत्ती तो सुरुवात करतो. सत्ती पडल्याशिवाय डाव उघडतच नाही. सकाळभर तेच, दुपारीही तेच. धाकटा सत्ती आली की ती पायाखाली लपवतो आणि सगळ्यांनी शोधायचं नाटक करायचं, असा नियम पडला. मी सारखा हरत होतो. एकदा इतका हसलो की पट्टी सुटली.

मध्येच थोरली पत्ते लावता लावता सांगायला लागली. तिची ती नेहमीची मैत्रीण सुट्टी लागायच्या आधीपासून तिच्याशी बोलत नाही. का, ते सांगतही नाही. मला यावर मैत्रीविषयी चार शब्द सांगता आले असते. पण नेमकी माझी पाळी होती आणि हातात किलवरची अठ्ठी अडकली होती. मी नुसता 'हं' म्हणालो. मग ती आणखी सांगत बसली. बरंच सांगितलं.

संध्याकाळी वीज आली तेव्हा धाकटा ओरडला, घालवा, घालवा!

शैक्षणिक मूल्य शून्य. दिवस पूर्ण वाया.

९ मे

लंगडत तारांगण. आत अंधार, गारवा, पाठ टेकायच्या खुर्च्या. मी डोळे मिटून एकाग्रतेने ऐकत होतो. थोरली म्हणते, मी घोरत होतो. निवेदक बाई दोनदा थांबल्या आणि कुणाला काही त्रास होतोय का, असं माइकवर विचारलं म्हणे. धाकट्याने सांगून टाकलं, ते आमचे बाबा नाहीत.

परतीच्या बसमध्ये उजळणी घेतली नाही. मुलं लांब बसली होती.

१४ मे

उद्या निकाल. घोडामैदान जवळच आहे. एकूण हिशेब माझ्या बाजूने दिसतो. मामाने त्यांना एवढं कुठे नेलंय? साधं कोपऱ्यावर नेलं नसेल. छोटंसं भाषणही तयार केलं आहे. शिक्षणाचं महत्त्व, निरीक्षण, कुतूहल वगैरे. 'मला करमत नाही' हे वाक्य मध्ये आलं होतं. विषयाला सोडून होतं, काढलं.

ही मुलांच्या बॅगा झटकून गॅलरीत वाळत घालत होती. मी विचारलं, कशाला? म्हणाली, असू दे.

१५ मे

राहणार!!

भाषण करायची वेळच आली नाही. चहा झाल्यावर हिने विचारलं. धाकट्याने थोरलीकडे पाहिलं. थोरली म्हणाली, आम्ही ठरवलंय. आम्ही राहतो, पण एक अट आहे. सहली नकोत. तो वीज गेली होती ना, तसा दिवस हवा. उद्याच. आणि जमला तर रोज. धाकटा म्हणाला, तो वाया दिवस. (हे याला कसं कळलं? बहुधा मी मोठ्याने म्हणालो असेन.)

मी म्हणालो, मंजूर. बस एवढंच म्हणालो. मग बाथरूममध्ये गेलो, नळ सोडला आणि आतच थोडा वेळ उभा राहिलो. मुलांनी मला निवडलं. मला! बाहेर आलो तर ही म्हणाली, डोळ्यांत साबण गेला का? मी म्हणालो, हो.

मेव्हण्याला फोन केला. बिचारा हिरमुसला. म्हणाला, भावजी, पोरांची फार वाट बघत होतो. मी मोठ्या मनाने त्याचं सांत्वन केलं.

संध्याकाळ

उद्याचा दिवस अगदी चार तारखेसारखाच झाला पाहिजे. काही म्हणता काही राहायला नको. अशी गोष्ट नशिबावर सोडून कशी चालेल? त्या दिवशी काय कशानंतर झालं, ते आठवून आठवून नीट कागदावर मांडलं. हे काम मला येतं. खरं तर हे एकच काम मला येतं. रंगीत पेनांनी केलं, वर ठळक मथळा घातला. फ्रिजवर लावून टाकलं. पोरं उठतील आणि बघतच राहतील.

१६ मे, दुपार

बघत राहिली.

कागद असा होता:

'वाया दिवस. ९.०० निवांत लोळणे. ९.४० वीज घालवणे (मेन स्विच, बाबा). ९.४५ पत्ते अचानक सापडणे. १०.०० बदाम सात, सत्ती लपवणे (धाकटा). १०.५० बाबांचे हसणे. ११.१५ थोरलीच्या मैत्रिणीचा विषय, वीस मिनिटे. ११.३५ पत्ते पुढे चालू.'

धाकट्याने एक एक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. मैत्रिणीच्या ओळीशी आला तशी थोरलीने चुंबक काढला, कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, मी ते तुला असंच सांगितलं होतं.

मी म्हणालो, वेळ कमी पडत असेल तर अर्धा तास करू.

हे मी का म्हणालो, मला खरंच माहीत नाही. तोंडातून निघून गेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती आत गेली. कपाटाचा आवाज आला. धाकटा फ्रिजपाशी उभाच होता. त्याने विचारलं, मग आता वीज घालवायची का? मी म्हणालो, नको रे.

बॅगा वाळलेल्याच होत्या.

१७ मे

मुलं गेली. ही पोचवायला गेली आहे, उद्या परत येईल. स्टॉपवर मी मनात म्हणत होतो, बस उशिरा येईल. आपल्याच बसेस, मला माहीत नाही का? तेवढ्यात एखादं धड वाक्य सुचलं असतं.

आयुष्यात पहिल्यांदा बस ठरल्या मिनिटाला आली आणि ठरल्या मिनिटाला सुटली. थोरलीने खिडकीतून हात हलवला. रागावलेली नव्हती. तेच जास्त लागलं. धाकटा आधी हाताची मूठ दाखवत होता, मग हसून लपला. त्यात काय होतं, दिसलं नाही.

२० मे

साहेबांकडे गेलो. मुलांकडे जाऊन यायचं म्हणून रजा मागितली. साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. रजा शिल्लक नाही. सगळी सहलींत संपली. साहेब म्हणाले, बरंय हो, मुलांना भरपूर वेळ दिलात यंदा. मी थँक्यू म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ऑफिसात उशिरापर्यंत बसलो. शिपाई दिवे घालवायला आला.

२३ मे, रविवार

दुपारी करमेना. पत्ते काढले. ही म्हणाली, चल, दोघंच खेळू. वाटले. मी म्हणालो, टाक सत्ती. ती म्हणाली, तू टाक. माझ्याकडे नव्हती. तिच्याकडेही नव्हती. सवयीने पायाखाली पाहिलं. सगळे पत्ते उलटे करून शोधले. बदामाची सत्ती नाहीच.

इतक्यात मामाकडून फोन. धाकटा होता. मला म्हणाला, पत्ते काढले होते ना? मला माहिती होतं. सत्ती माझ्याकडे आहे. मुद्दाम आणली. तुम्ही आमच्याशिवाय खेळायचं नाही, बाबा. आम्ही आलो की मगच. मागून थोरली ओरडली, बाबाला सांग, माझी मैत्रीण बोलली फोनवर, पण का बोलत नव्हती ते आल्यावर सांगेन. असंच.

आता बोलायचं, अगदी साधं, एवढंच की घरात करमत नाही रे, लवकर या. ही समोर बसून खुणेने म्हणत होती, बोल, बोल.

मी म्हणालो, हुशार आहेस! बरं सांग बघू, पत्ते एकूण बावन्न, त्यातला एक तुझ्याकडे, तर इथे उरले किती?

तो म्हणाला, बाबा, मामा हाक मारतोय. फोन ठेवला.

हिने पत्ते गोळा करून डबीत घातले. एक्कावन्न. मला खरं म्हणजे दुसरंच बोलायचं होतं.