आत बसलेली आई

रविवार, संध्याकाळ. परतूर.

स्टुडिओच्या भिंतीसाठी वर्षभरातले आवडते फोटो निवडायला बसलो. वराती, पाठवण्या, सगळं चांगलंच आहे. पण हात फिरून फिरून त्या एकाच फोटोवर येऊन राह्यला.

तीर्थपुरीचं लग्न. मंगलाष्टकं चालू होती, अन् मी बॅटरी बदलायला मांडवामागच्या खोलीत गेल्तो. आमच्याकडं नवरीच्या आईनं मंगलाष्टकं बघायची नसतात, म्हणून ती आत बसलेली. बघतो तर काय, बाई मोबाईलवर पोरीचं लग्न बघून राह्यली! स्टँडवरच्या माझ्याच कॅमेऱ्याचं लाइव्ह. काचेवर तिच्या अंगठ्याची पिवळी हळद.

मला बघून दचकली. "भाऊ, सासूबाईला सांगू नका."

सासूबाई दारातच उभी! म्हटलं, आता झालं. पण म्हातारी सुनेजवळ टेकली अन् म्हणाली, "आवाज वाढव की जरा."

म्हातारीनं तरी स्वतःच्या लेकीचं लग्न कुठं बघितलं असंल? तेव्हाच काढला हा फोटो. अंधुक आहे. पण अंगठ्याची हळद बराबर दिसते.

पुढच्या महिन्यात आमच्या पोरीचं लग्न. फोटो मीच काढणार, दुसऱ्यावर भरवसा न्हाई. अन् बायकोचं सकाळपासून एकच, "मी आतच बसणार, रीत हाय." वाद घालून काय होतं? आत्ता तिला बोलावून हा फोटो दाखवला. तिनं हळदीवर बोट ठेवलं.

मंग म्हणाली, "पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेवा. कॅमेरा दुसऱ्याला द्या."