माझा हात, आर्डिसचं घड्याळ

हॅडली क्रीक परिसरातील अमेरिकन फुटबॉल पंच मंडळाच्या बंधू-भगिनींनो, ज्यांनी नियमांचं पुस्तक कधी उघडलं नाही, ते लोक दर हंगामात आपल्याला आंधळे आणि विकले गेलेले म्हणतात. या अपमानाविरुद्ध मी एकतीस वर्षं व्यासपीठावरून गरजलो. आज लिहितो ते त्याच तोंडाने, पण मान खाली घालून.

मी, वेंडेल टेगेलर, वय चौऱ्याहत्तर, विधुर, पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरांनी हृदयाबद्दल शंका घेतली आहे, डोक्याबद्दल नाही. कोणाच्या दडपणाशिवाय हे माझं शेवटचं मृत्युपत्र करतो. आधीची रद्द.

घर, बचत आणि गाडी मुलगी कार्ला हिला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. तळघरातला रंधा आणि करवती शेजारच्या एमिल वोबोरिलला. तशाही त्याच्याकडेच असतात.

हॅडली क्रीक शाळेच्या संघाचा प्रशिक्षक रस हिंट्झ याच्याशी असलेलं माझं वैर मी इथे संपवतो. त्याचं कारण सांगायलाच हवं.

नोव्हेंबर २०१८, बाद फेरीची दुपार. हिंट्झ पहिल्या मिनिटापासून ओरडत होता, "टेगेलर, चष्मा गहाण टाकलास का?" शेवटी त्याचा संघ चार गुणांनी मागे, गोलरेषा तीन यार्डांवर. त्याचा खेळाडू मैदानाच्या हद्दीतच पाडला गेला, म्हणजे घड्याळ चालूच राहणार, पण विरोधकाने त्याच्या दुसऱ्या खेळाडूला नियमाबाहेर धरून ठेवलं होतं. मी दंडाचा पिवळा रुमाल टाकला. दंडासाठी घड्याळ थांबलं. चार सेकंद उरले होते.

शेवटच्या दोन मिनिटांत असा दंड झाला, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्या संघाच्या कर्णधाराला विचारायचं असतं: घड्याळ माझ्या इशाऱ्यावर सुरू करू, की चेंडू खेळात आल्यावर? हा नियम मी दर ऑगस्टला तुम्हाला शिकवला. त्या दिवशी मी विचारलं नाही. चेंडू ठेवला, घड्याळ सुरू करायचा इशारा म्हणून हात गोल फिरवला. मुलं रांगेत उभी राहीपर्यंत चार सेकंद सरले, सामना संपला.

कर्णधार डेन माझ्याकडे आला. "सर, तुम्ही मला विचारलंच नाही."

मी म्हणालो, "घड्याळवालीला विचार, तिला कसली घाई होती."

घड्याळवाली म्हणजे आर्डिस होल्मग्रेन, त्याच शाळेची निवृत्त स्वयंपाकीण. बावीस वर्षं ती मैदानाकडेच्या वरच्या काचेच्या खोलीत बसून घड्याळ चालवत होती. प्रत्येक सामन्याआधी मी जिना चढून तिला बजावत असे, "आर्डिस, फक्त माझा हात बघायचा." तिने तेच केलं. मी अहवालात लिहिलं की तिने इशाऱ्याआधीच घड्याळ सुरू केलं. शाळेने तिला काढलं.

ती माझ्या दारात आली होती. "वेंडेल, मी तुझा हात पाहिला."

"काचेवर धुकं होतं गं. होते चूक."

"काच मी स्वतः पुसली होती," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती मैदानावर फिरकली नाही. मी मात्र पुढल्या वर्गात तिचीच 'चूक' उदाहरण म्हणून सांगितली. तुम्ही हसलात. मीही हसलो.

मी विचारायला विसरलो होतो, असं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. हिंट्झला गप्प करायचं होतं. सत्यावर तासनतास भाषणं केली, पण हे एक वाक्य जिवंतपणी उच्चारायची छाती झाली नाही.

माझी नियमांची पुस्तकं, समासातल्या टिपांसकट, मंडळाला. शिट्टी आणि रुमाल कोणालाही देऊ नये. आर्डिसला मी काही ठेवत नाही. ठेवलं असतं तर तिने परत पाठवलं असतं, आणि तिचं नाव माझ्या मालकीचं नाही की मी ते वाटून द्यावं.

निकाल बदलत नाही, हे मला ठाऊक आहे. अहवाल बदलतो. मी गेल्यावर भरणाऱ्या पहिल्या सभेत उभे राहा आणि हात वर करून माझा तो अहवाल खोटा म्हणून रद्द करा.

सही: वेंडेल टेगेलर

आमच्या देखत सही केली:
ग्लेन स्कालिकी, टपाल कर्मचारी
रोझॅन फायफर, ग्रंथपाल

हॅडली क्रीक, नेब्रास्का
१४ ऑक्टोबर २०२३