राजाचं दयेचं भाषण

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. मोठे नट लिहितात म्हणे. मीही लिहिणार. रोज.

ऑफिसच्या नाट्यमंडळाने यंदा अकोल्याच्या स्पर्धेसाठी शंभर वर्षांपूर्वीचं एक विनोदी नाटक घेतलं आहे. मी राजा. कोतवाल राजाच्या मिशीची थट्टा करतो, त्याला फटक्यांची शिक्षा होते, त्याचा मित्र स्वतःची पाठ पुढे करतो. राजाला गहिवरून येतं, तो दयेवर पानभर भाषण करतो आणि दोघांनाही सोडतो. म्हणजे नाटक माझ्यावरच उभं आहे.

मित्राचं काम खुशालराव करतोय. कॉलेजपासूनचा माझा दोस्त, ऑफिसात शेजारच्या टेबलावर. काम बरं करतो, पण आजवर एकही बक्षीस नाही, आणि येत्या मार्चमध्ये रिटायर. त्याला स्टेजवर सांभाळून घ्यायचं ठरवलं.

दिग्दर्शन रागिणी मॅडमकडे. त्या म्हणाल्या, या नाटकात तीनच गोष्टी आहेत, कृतज्ञता, मैत्री आणि दया. तिन्ही माझ्यात मुळातच आहेत. पाठांतर तेवढं बाकी.

५ डिसेंबर
पहाटे पाचला उठून पाठांतर करणार होतो. थंडी फार. अमरावतीत थंडी एवढी कधीपासून पडायला लागली?

९ डिसेंबर
तालीम. ‘त्याला सोडा’ असं म्हणायचं होतं. ‘त्याले सोडा बे’ असं निघालं. सगळे हसले. रागिणी मॅडम म्हणाल्या, राजा असं बोलत नाही. मी विचारलं, वऱ्हाडचा राजा असेल तर? त्यांनी पुढचं पान उलटलं. पटलं असावं.

१४ डिसेंबर
भाषणाच्या चार ओळी पाठ. त्यातली एक कोतवालाची निघाली.

रात्री जेवताना बायकोला, म्हणजे माधवीला, कागद देऊन बसवलं. मी म्हणायचं, तिने चुका सांगायच्या. जेवण होईपर्यंत तिला सगळं भाषण पाठ झालं. मला नाही. शेवटी ती म्हणाली, तुमी घरीच रायता का? मी जातो अकोल्याले.

फार घोकलं तर भावना मरते, हे तिला समजावून सांगितलं. ती भांडी घेऊन आत गेली.

१९ डिसेंबर
खुशाल रोज ऑफिस सुटलं की घरी येतो. “चाल, एक डाव म्हणून घेऊ,” म्हणतो आणि माझं भाषण माझ्याआधी स्वतःच म्हणायला लागतो. बिचाऱ्याला माझ्याबरोबर सराव हवा आहे. मी नाही म्हणत नाही. मैत्री आहे.

२४ डिसेंबर
मुकुट आला. डोक्याला घट्ट होतो. विचार करायला जागा उरत नाही.

२७ डिसेंबर, सकाळ
काल अकोल्यात प्रयोग झाला. कसा झाला ते नीट, शांतपणे लिहितो.

बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये मला भाषण संपूर्ण येत होतं. मूर्तिजापूरला चहा प्यायलो. तिथे गडबड झाली असावी.

शेवटचा प्रवेश. खुशाल उघड्या पाठीने खाली वाकलेला. चाबूक वर गेला. मी सिंहासनावरून उठलो आणि म्हणालो, “थांबा!” फार चांगलं म्हणालो. सगळे थांबले. मीही थांबलो.

पुढचं काहीच आठवेना. एक शब्द नाही. थिएटरमध्ये कोणीतरी खोकललं. विंगेत रागिणी मॅडम ओठ हलवत होत्या, त्या काय म्हणत होत्या देव जाणे. खुशाल खालूनच पुटपुटला, “दया, दया.” मला वाटलं, तो खरंच दया मागतोय. मी त्याच्याकडे बघत राहिलो. पळून जावंसं वाटलं, पण झगा खिळ्यात अडकला होता.

तेव्हा खुशाल गुडघ्यांवर वळला, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाला, “महाराज, बोलू नका! आपले डोळेच बोलताहेत. आपण म्हणता आहात, की ज्याच्या हातात चाबूक असतो त्यालाच दया करता येते. खरं ना, महाराज?”

मी मान हलवली.

मग त्याने माझं पानभर भाषण म्हटलं. वाक्यागणिक विचारायचा, “खरं ना, महाराज?” मी मान हलवायचो. ज्याला शिक्षा व्हायची तोच स्वतःला माफी देत होता. लोक आधी हसून हसून लोळले. शेवटी शेवटी हसायचे थांबले. पुढच्या रांगेत एक बाई पदराने डोळे पुसत होत्या.

पडदा पडला. मान मी व्यवस्थित हलवली.

२८ डिसेंबर
विचार केला. तो माझा पॉज होता. खुशालने थोडा धीर धरला असता तर मी बोललोच असतो. माझं भाषण त्याने घेतलं. दोस्ताने असं करावं?

३० डिसेंबर
निकाल! मला उत्तेजनार्थ अभिनयाचं प्रमाणपत्र. ‘राजाच्या बोलक्या मौनासाठी.’ बोलकं मौन! मी माधवीला म्हणत होतोच. तिने ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

खुशालला काही नाही. मी त्याला मोठ्या मनाने माफ करायचं ठरवलं.

३ जानेवारी
ऑफिसात सत्कार. शाल. सगळ्यात जास्त वेळ टाळ्या खुशाल वाजवत होता. मी दोन शब्द बोललो, मौनाच्या साधनेविषयी.

नंतर रागिणी मॅडम जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, एक तुम्हाला कळायला हवं. अभिनयाचं पहिलं बक्षीस खुशालरावांना द्यायचं परीक्षकांनी जवळपास ठरवलं होतं. पण दुसऱ्याचं भाषण त्यांच्या तोंडी कसं, म्हणून त्यांना माझ्यासमोरच बोलावून विचारलं. राजा विसरला होता का? तसं असेल तर तुम्ही नाटक वाचवलं, बक्षीस तुमचं. खुशालराव म्हणाले, नाही, राजा विसरला नाही. असंच बसवलं आहे. राजाने गप्प राहायचं, ही राजाचीच कल्पना. मग परीक्षक म्हणाले, कल्पना राजाची तर श्रेय राजाचं.

मी विचारलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत? त्या म्हणाल्या, बोलणार होते. खुशालरावांनी हात धरला माझा. म्हणाले, “राहू द्या मॅडम. चारचौघात त्याले कसं वाटंल?”

४ जानेवारी
खुशाल शेजारच्या टेबलावर बसला होता. दिवसभर बोलायचं ठरवत होतो. त्याने विचारलं, “काऊन बे, तब्येत बरी नाही का?” मी म्हणालो, सर्दी आहे.

५ जानेवारी
संध्याकाळी प्रमाणपत्र आणि वरूडची संत्री घेऊन त्याच्या घरी गेलो. काय बोलायचं ते चार वाक्यांत ठरवलं होतं. शकुनवहिनींनी दार उघडलं. खुशाल तुरीच्या शेंगा सोलत बसला होता.

“खुशाल,” मी म्हणालो, “हे तुयं हाय.”

त्याने प्रमाणपत्र हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं. “माह्यं नाव कुठी हाय याच्यावर?”

“रागिणी मॅडमनं सांगतलं मले सगळं.”

त्याने चष्मा काढला, पुसला. “एखांद्या वर्षी भेटलं असतं बक्षीस, तं बरं वाटलं असतं,” म्हणाला. मग प्रमाणपत्र माझ्या पिशवीत परत ठेवलं. “पण तू तिथी उभा होता ना, लेका, असा लहान पोरावानी. मले पाह्यवलं नाही.”

माझे ओठ हलले. आवाज निघाला नाही. तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, “भाऊजी, पान वाढलं हाय. सोल्याची आमटी हाय, थंडी होऊन राह्यली.”

आभार मानायला गेलो होतो. जेवून आलो.