रिकाम्या डब्या

शिरूर,
१२ जुलै २०२५

ती. दादास,

सविताचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. न्हावऱ्याला जाऊन आईला भेटून आले. तिचे गुडघे धरलेत, तोंड मात्र चालू आहे. तुझी लेक प्रगती माझ्याकडे रुळली. अभ्यास करते आणि माझ्या भाकरींना नावं ठेवते. वहिनीला सांग, काळजी नको.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. कामात असशील. की माझं नाव बघूनच ठेवून देतोस?

मंगळवारी इथल्या मुलींच्या वसतिगृहात फायर अलार्मच्या तपासणीला गेले होते. तू बसवलेली सिस्टिम, म्हणून जरा मिरवतच गेले. तू शिकवलंस तसं स्वयंपाकघरातल्या अलार्मच्या दोन वायरी मुद्दाम शॉर्ट केल्या. दोन्हीकडच्या आयसोलेटरनी तेवढाच तुकडा तोडायचा आणि बाकीचे डिटेक्टर चालू राहायचे, एवढंच बघायचं होतं. पॅनलवर तिन्ही मजले एकदम गेले. भोंगेही त्याच वायरीवर. खाली आग लागून वायर जळाली, तर वर झोपलेल्या पोरींना काही कळणार नाही.

आयसोलेटरच्या डब्या उघडल्या. सगळ्या रिकाम्या. आत वायरी सरळ एकमेकींना जोडलेल्या, वर झाकण व्यवस्थित.

आधी वाटलं, नंतर कुणी काढून नेले. वॉचमन गोकुळला उलटंसुलटं विचारून बिचाऱ्याला रडकुंडीला आणलं. पण जोडाचा पीळ उलटा आहे, दादा. डावखुऱ्या हाताचा. असा पीळ देणारा मला एकच माणूस माहीत आहे. उद्घाटनाची घाई, फॉल्ट सापडेना, आयसोलेटर सारखे लाईन तोडत असतील, म्हणून काढलेस ना? नंतर बसवू म्हटलंस आणि राहून गेलं. एवढंच असतं तर तुला शिव्या घातल्या असत्या आणि दोघांनी मिळून बसवले असते.

पण मग प्रगतीला त्याच वसतिगृहातून का हलवलंस? मेसचं जेवण वाईट, असं म्हणाला होतास. ती म्हणते, जेवण चांगलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय, घास गोड लागत नाही. बापाला लेक लांब नको वाटली असेल, असं मनाला समजावून बघितलं. पण दौंडला नेली नाहीस, ठेवलीस तर शिरूरलाच, माझ्याकडे.

वॉर्डन झुंबरबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भावानं बशिवलंय म्हून तर आमी निवांत झोपत हुतो." मला मान वर करवली नाही. नवे आयसोलेटर येईपर्यंत तिथल्या बाया पाळीपाळीनं जागतायत. रिपोर्टमध्ये तुझं नाव लिहिलंय. माझं चुकत असेल तर खुशाल खोटी पाड मला, पेढे वाटीन.

प्रगतीनं कालही विचारलं, बाबांनी मला का हलवलं. म्हटलं, त्यांनाच विचार. उद्याच्या एसटीनं ती दौंडला येतेय. हे पत्र तिच्याच हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझीच,
सविता