मोदकांमुळे नव्हतं, आई

प्रिय आई,

आज दुपारी गुडगावच्या डॉक्टरबाईंकडून निघाले आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं गं. किती उशिरा! आता ते सांगू कुणाला? म्हणून हे पत्र.

"माझं काय चुकलं?" इस्पितळात तू सारखी हेच विचारायचीस. आणि उत्तरही स्वतःच द्यायचीस, "मोदकांना हात लागला ना, त्याचंच हे."

आठवतो तो गणपती? दिल्लीच्या आर. के. पुरममधलं आपलं सरकारी क्वार्टर, पुण्याहून मावशीने पाठवलेली पिठी, तुझे सुबक कळ्यांचे मोदक. नैवेद्य दाखवून झाला आणि तुझ्या लक्षात आलं. पाळी जाऊन वर्षं लोटलेली, तरी रक्त! बाप्पाला विटाळ झाला म्हणत तू मागच्या बाल्कनीत चटई टाकून बसलीस आणि आरती तिथूनच ऐकलीस.

मग महिन्यातून दोनदा, तीनदा बाहेर बसायला लागलीस. बाबा मुकाट्याने कुकर लावायचे, मी तुझं ताट बाल्कनीत आणून द्यायचे. अख्ख्या घराला तुझं रक्त ठाऊक होतं, आई! आम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलं काय, तर देवघर. शेजारच्या चड्ढा आंटी तेवढ्या म्हणाल्या, "भाभीजी, इस उमर में? डॉक्टर को दिखाओ." तू हसलीस, "बिल्कुल दिखाऊँगी, दिवाली तो हो जाने दो." दिवाळी झाली, मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. का गं नाही गेलीस? जिवापेक्षा सोवळं मोठं होतं का?

डॉक्टरबाईंनी आज मला कागदावर चित्र काढून समजावलं. एक विषाणू असतो, चामखीळ आणणाऱ्या विषाणूंच्याच घराण्यातला. नवराबायकोच्या संबंधातून येतो. बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, एखादीच्या अंगात ठाण मांडतो. गर्भाशयाच्या तोंडाशी कातडीसारखाच थर असतो. त्यातल्या तळाच्या पेशी वाढतात, वर सरकतात, जुन्या होऊन गळून जातात. हा विषाणू त्या तळाच्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच दोन प्रथिनं बनवून घेतो. एक तिच्या वाढीचा ब्रेक सोडवतं. दुसरं तिच्या राखणदाराचा फडशा पाडतं. बिघडलेल्या पेशीला 'थांब, नाहीतर मर' असं सांगणारं तिचंच एक प्रथिन, तो हा राखणदार. तो गेला की पेशी मरायचंच विसरतात. वर्षानुवर्षं बिघाड साठत जातो आणि एक दिवस कॅन्सर होतो.

म्हणजे तू ती उकड काढलीस, त्याच्या कितीतरी आधीपासून हे आत चाललं होतं. बाप्पा रागावला नव्हता गं! एवढं एक वाक्य त्या खाटेशी वाकून कुणी तुला का नाही सांगितलं? तू अपराधी मनाने गेलीस. कॅन्सरपेक्षाही मला तेच सोसवत नाही.

आणि ऐक. माझ्या तपासणीतही तोच विषाणू निघालाय. थोड्या पेशी बदलल्यात. "अभी कैंसर नहीं है, छोटे से इलाज से निकल जाएगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. खरं असेल. पण मला काही धीर येत नाही. समोर काचेचे टॉवर, गळ्यात ऑफिसचं कार्ड आणि मी 'आई, आई' करत रडतेय. कुठे आहेस तू?

इलाज चुकवणार नाही, शब्द देते. दिवाळीसाठीसुद्धा थांबणार नाही. यंदा गणपतीत रक्त दिसलं तरी मोदक मीच वळीन आणि आरतीला उभी राहीन. तुझी ती चटई अजून माझ्याकडे आहे. बाल्कनीत नाही टाकणार. आत, बाप्पासमोर अंथरीन. तिथे बस, आई.

तुझी,
सुलू